अतिशहाणपणाची फसगत

कथा कोणत्याही देशाची असो, ती वाचून संपल्यावर मुलांच्या मनात नायकाइतकाच, किंबहुना कधी कधी नायकाहूनही अधिक, खलपुरुष रेंगाळत राहतो. नायक शूर असतो, प्रामाणिक असतो, दिलेला शब्द पाळतो. परंतु नवनव्या युक्त्या सुचतात त्या खलपुरुषाला. भुयार कोठे खणावे, वेष कोणाचा घ्यावा, खोटे पत्र कोणाच्या हाती पडू द्यावे, याची सारी आखणी तोच करीत असतो. त्यामुळे कोवळ्या वयाच्या वाचकाचा असा समज होण्याचा संभव असतो की, बुद्धी ही कपटाच्याच घरी नांदते आणि सज्जनांच्या वाट्याला केवळ भोळेपणा येतो. एकदा हा समज मनात रुजला म्हणजे लबाडीला हुशारी म्हणण्याची सवय लागते आणि सरळ वागणाऱ्याला लोक बावळट समजू लागतात. म्हणून तो खरा आहे की खोटा, हे पारखून पाहणे अगत्याचे आहे. आणि ती पारख ज्या कथांतून हा समज निर्माण होतो, त्याच कथांच्या आधारे करता येते.

मंद बुद्धीचा दुष्ट बळाने हरतो. बकासुराला भीमाने बाहुबलाने मारले. तेथे फारसा विचार करण्याजोगे काही नाही. परंतु जो खल बुद्धिमान आहे, ज्याने प्रत्येक संकटाची आधीच कल्पना करून तिच्यावर तोड काढून ठेवली आहे, तो कसा हरतो? अशा कथा लक्षपूर्वक वाचल्या तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. पुष्कळदा त्याला हरविणारा दुसरा कोणी नसतोच. त्याचीच एखादी युक्ती त्याच्यावर उलटते. आणि ती युक्तीही बहुधा अशी असते, की जिची त्याला मुळीच गरज नव्हती. आपल्या भाषेत ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ अशी म्हण आहे. ती म्हण या कथांना तंतोतंत लागू पडते.

पंचतंत्रातील धर्मबुद्धी आणि पापबुद्धी यांची गोष्ट या दृष्टीने फार उद्बोधक आहे. हे दोघे मित्र परदेशी गेले आणि त्यांनी पुष्कळ द्रव्य मिळविले. गावाजवळ परत आल्यावर पापबुद्धीने सुचविले की, एवढे धन घरी नेले तर नातलग मागतील, चोर डोळा ठेवतील; तेव्हा थोडेसे बरोबर घेऊन बाकीचे या रानातच पुरून ठेवू. धर्मबुद्धीने ते मान्य केले. पुढे एका मध्यरात्री पापबुद्धी एकटाच रानात गेला, सारे धन काढून घेतले आणि खड्डा होता तसा बुजवून टाकला. मग काही दिवसांनी तो मित्राकडे जाऊन म्हणाला, “माझे कुटुंब मोठे आहे, पैसा पुरत नाही, चल, थोडे धन काढून आणू.” दोघांनी जागा खणली, तो भांडे रिकामे! पापबुद्धीने लगेच कपाळ बडवून घेतले आणि, “हे तूच नेलेस,” असा उलटा आरोप मित्रावर केला.

भांडण न्यायाधिकाऱ्यांपुढे गेले. येथपर्यंत पापबुद्धीचा डाव उत्तम साधला होता, हे कबूल केले पाहिजे. धन दोघांनी पुरले होते, जागा दोघांनाच ठाऊक होती, चोरी कोणी पाहिली नव्हती. एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दाविरुद्ध, एवढाच तो वाद होता. न्यायाधिकारी दिव्य करावयास सांगू लागले, तेव्हा पापबुद्धीने आपले कायद्याचे ज्ञान पुढे केले. वादात प्रथम लेख पाहावा, लेख नसेल तर साक्षीदार पाहावा, आणि तोही नसेल तरच दिव्याकडे वळावे, असा न्याय त्याने सांगितला. आणि आपल्या बाजूला तर प्रत्यक्ष वनदेवता साक्षी आहेत, असे ठासून सांगितले. न्यायाधिकाऱ्यांना ते पटले. दुसऱ्या दिवशी सकाळी रानात जाऊन झाडालाच विचारावयाचे ठरले.

त्या रात्री पापबुद्धीने आपल्या वृद्ध पित्याला शमीच्या झाडाच्या ढोलीत नेऊन बसविले. सकाळी राजपुरुष झाडाजवळ आले, पापबुद्धीने मोठ्या नम्रपणे वनदेवतेला प्रश्न केला, आणि झाडातून आवाज आला, “धन धर्मबुद्धीने नेले!” सारे आश्चर्याने थक्क झाले. धर्मबुद्धीला काय शिक्षा द्यावी याची चर्चा ते करीत होते, तेवढ्यात धर्मबुद्धीने त्या ढोलीभोवती जळाऊ वस्तू रचल्या आणि त्यांना आग लावून दिली. थोड्याच वेळात अर्धवट भाजलेला म्हातारा किंचाळत बाहेर पडला. पुढे काय झाले, हे निराळे सांगावयास नको.

आता या गोष्टीकडे जरा थांबून पाहावे. पापबुद्धी कशामुळे सापडला? चोरी करताना त्याने कोणतीही चूक केली नव्हती. आरोप करतानाही तो अडखळला नाही. तो सापडला तो साक्षीदारामुळे. आणि हा साक्षीदार त्याने स्वतःच उभा केला होता. तो केवळ, “मी चोरी केली नाही,” एवढेच म्हणत राहता, तर त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून कोणालाही काही दाखविता आले नसते. परंतु संशय अर्धा राहिला, तर त्याला चैन पडेना. आपल्या बाजूला पूर्ण खात्री हवी, तीही देवतेच्या मुखाने हवी, असे त्याला वाटले. खोटे सिद्ध करण्यासाठी त्याने जो एक पुरावा जास्त आणला, तोच त्याच्या खोटेपणाचा एकमेव पुरावा ठरला.

पंचतंत्राचे पहलवी भाषांतर इसवी सनाच्या सहाव्या शतकात झाले आणि तेथून या गोष्टी देशोदेशी पसरल्या. त्यानंतर तेराशेहून अधिक वर्षांनी, म्हणजे 1903 साली, आर्थर कॉनन डॉयल या ब्रिटिश लेखकाने शेरलॉक होम्सची एक कथा प्रसिद्ध केली. ती लंडनजवळच्या नॉरवुड या उपनगरातील एका निवृत्त बांधकाम ठेकेदाराची आहे. या ठेकेदाराचे नाव जोनास ओल्डेकर. पूर्वी एका स्त्रीने त्याच्याशी लग्न करण्याचे नाकारले होते, तो राग त्याने वर्षानुवर्षे मनात जपला होता. शिवाय त्याला आपल्या धनकोंनाही बुडवावयाचे होते. म्हणून त्याने एकाच दगडात दोन पक्षी मारण्याचा घाट घातला. त्या स्त्रीचा मुलगा मॅकफार्लन हा तरुण वकील होता. ओल्डेकरने त्याच्या नावे आपले मृत्युपत्र केले, कागद पाहण्याच्या निमित्ताने त्याला रात्री घरी बोलाविले, आणि तो परत गेल्यावर आवारातील लाकडांच्या ढिगाला आग लावून स्वतः नाहीसा झाला. सकाळी लोकांना राखेत जळलेले अवशेष सापडले, घरात मॅकफार्लनची काठी सापडली, आणि ओल्डेकरच्या मृत्यूने ज्याचा लाभ होणार होता, तो शेवटचा पाहुणाही सापडला. पोलिसांनी मॅकफार्लनला पकडले.

हा सापळा इतका बेमालूम होता की, खुद्द होम्सलाही त्यात फट सापडेना. त्याचे मन सांगत होते की तरुण निरपराध आहे. परंतु हाती आलेली प्रत्येक गोष्ट त्याच्याविरुद्धच बोलत होती. अशा वेळी ओल्डेकरने स्वस्थ बसावयाचे होते. परंतु पापबुद्धीप्रमाणेच त्यालाही स्वस्थ बसवेना. दुसऱ्या दिवशी त्या घराच्या दिवाणखान्याकडे जाणाऱ्या वाटेवर, भिंतीवर, रक्ताने उमटलेला अंगठ्याचा ठसा आढळला. आणि तो मॅकफार्लनच्याच अंगठ्याचा होता. पोलीस अधिकारी लेस्ट्रेड विजयाने फुलून गेला. होम्सला मात्र मनातून हसू आले. कारण आदल्या दिवशी त्याने ती भिंत बारकाईने पाहिली होती, आणि तेव्हा तिच्यावर कसलाही ठसा नव्हता. मॅकफार्लन तर तेव्हापासून कोठडीत होता. मग हा ठसा उमटविला कोणी? ज्याने उमटविला, तो घरातच कोठेतरी असला पाहिजे.

पुढचे काम सोपे होते. होम्सने वरच्या मजल्यावरील बोळ पावलांनी मोजला; तो खालच्या बोळापेक्षा सहा फुटांनी आखूड भरला. त्याने तेथे थोडे गवत पेटविले आणि शिपायांना एका सुरात ‘आग! आग!’ असे ओरडावयास सांगितले. बोळाच्या टोकाची भिंत भासणारे दार धाडकन उघडले आणि मेलेला ओल्डेकर जिवंत बाहेर आला. भेटीच्या रात्री लखोट्यांवर लाखेची मोहर करताना मॅकफार्लनचा अंगठा मऊ लाखेत दाबला गेला होता. त्या ठशाचा साचा घेऊन ओल्डेकरने रात्री ती करामत केली होती.

या दोन कथांतील साम्य पाहून नवल वाटते. कॉनन डॉयलच्या मनात पंचतंत्र होते, असे म्हणावयास काहीही आधार नाही. परंतु शमीची ढोली आणि नॉरवुडची पोकळ भिंत यांचे नाते सख्ख्या बहिणींचे आहे. दोन्हीकडे डाव जवळजवळ जिंकलेला होता. दोन्हीकडे खोटा पुरावा नको तेव्हा वाढविला गेला. दोन्हीकडे पोकळीत लपलेला माणूस आगीने बाहेर काढला. दूरदूरच्या देशांतील आणि काळांतील कथाकारांना जेव्हा एकच गोष्ट सांगावीशी वाटते, तेव्हा तिच्यामागे मनुष्यस्वभावाचे काही सत्य असले पाहिजे, असे मानावयास हरकत नाही.

ते सत्य कोणते? खरे बोलणाऱ्याला आठवावे लागते. खोटे बोलणाऱ्याला रचावे लागते. या दोन क्रियांत मोठे अंतर आहे. घडलेली गोष्ट आपोआप चारही बाजूंनी जुळलेली असते, कारण ती घडलेलीच असते. रचलेली गोष्ट मात्र जेवढी रचली तेवढीच जुळते. पलीकडे ती लोंबकळत राहते. म्हणून तिला टेकू द्यावा लागतो, त्या टेकूला दुसरा टेकू द्यावा लागतो, आणि प्रत्येक टेकूबरोबर ती पडण्याची एक नवी जागा तयार होते. शाळेत उशिरा आलेला विद्यार्थी, “उशीर झाला, क्षमा करा,” एवढे म्हणाला, तर प्रकरण तेथेच मिटते. परंतु तो जर वाटेत सायकल मोडल्याचे सांगू लागला, ती दुरुस्त करणाऱ्याकडे गर्दी असल्याचे सांगू लागला, आणि त्याच गर्दीत आजारी मावशी भेटल्याचेही सांगू लागला, तर गुरुजींना कोठे ना कोठे एखादा प्रश्न सुचतोच. सायकलने मुलाला फसविलेले नसते. मावशीने फसविलेले असते.

अतिविचाराचे आणखी एक रूप हिरण्यकशिपूच्या कथेत दिसते. भागवतातील ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. मृत्यू टाळावयाचा म्हणून हिरण्यकशिपूने घोर तप केले आणि ब्रह्मदेवाकडे वर मागितला. नुसते ‘मला मरण नको’ म्हणून तो थांबला नाही. एखाद्या निष्णात वकिलाने करार लिहावा तशी त्याने कलमे घातली. मनुष्याकडून नको, पशूकडून नको, घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, भूमीवर नको, आकाशात नको, शस्त्राने नको. मृत्यूच्या सर्व वाटा आपण बुजविल्या, असे त्याला वाटले. परंतु यादी जितकी लांब, तितक्या तिच्यातल्या फटी अधिक. मनुष्य आणि पशू यांच्यामध्ये नरसिंह होता. घर आणि बाहेर यांच्यामध्ये उंबरठा होता. दिवस आणि रात्र यांच्यामध्ये संध्याकाळ होती. भूमी आणि आकाश यांच्यामध्ये मांडी होती. आणि शस्त्रांच्या यादीत नखे नव्हती. जणू काही आपला मृत्यू कोठे, केव्हा आणि कसा यावा, हे त्याने स्वतःच लिहून दिले होते. आणि हा सर्व खटाटोप करताना एक गोष्ट त्याच्या ध्यानीमनी आली नाही. ती म्हणजे आपल्याच घरात वाढणारे लहान मूल आपल्याला विरोध करील. जगातील सर्व शत्रू त्याने मोजले. प्रल्हाद मोजावयाचा राहिला.

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकात या विषयाला निराळेच वळण मिळाले आहे. त्यातील अमात्य राक्षस हा खलपुरुष नव्हे. तो आपल्या दिवंगत नंद राजांशी एकनिष्ठ आहे, आणि त्याच्या या स्वामिनिष्ठेबद्दल त्याच्या प्रतिस्पर्ध्यालाही आदर वाटतो. परंतु चंद्रगुप्ताला मारण्यासाठी त्याने जी कारस्थाने रचली, त्यांची गत पापबुद्धीच्या कारस्थानासारखीच झाली. चंद्रगुप्ताच्या राजवाड्यातील प्रवेशाच्या वेळी त्याच्यावर तोरण पाडावयाचे, अशी राक्षसाची योजना होती. ते काम दारुवर्मा नावाच्या सुताराकडे होते. चाणक्याने सुतारांना बोलावून महाद्वारे सजविण्याची आज्ञा दिली, तो दारुवर्म्याने आज्ञेपूर्वीच तोरण उभारून ठेवलेले! “वा, फारच तत्पर आहेस; याचे फळ तुला लवकरच मिळेल,” अशा आशयाचे उद्गार चाणक्याने काढले. नको तितकी तत्परता हाच तेथे संशयाचा धागा ठरला, आणि त्या यंत्राखाली चंद्रगुप्त सापडलाच नाही.

याच नाटकात दुसरी एक लहानशी हकीकत आहे, ती कधीही विसरू नये अशी आहे. चंद्रगुप्ताच्या शयनगृहाच्या भिंतीआड भुयारात राक्षसाचे मारेकरी लपून बसले होते. राजा तेथे येण्यापूर्वी चाणक्य ती खोली पाहावयास गेला. सारे काही यथास्थित होते. मात्र भिंतीच्या एका छिद्रातून मुंग्यांची रांग बाहेर येत होती आणि त्यांच्या तोंडात अन्नाचे कण होते. चाणक्याने ओळखले की, जेथे शिते आहेत तेथे जेवणारेही असले पाहिजेत. त्याने ते शयनगृह पेटवून दिले. एवढ्या मोठ्या कारस्थानात सर्वांची तोंडे बंद ठेवण्याची व्यवस्था झाली होती. मुंग्यांची व्यवस्था करण्याचे कोणाला सुचले नव्हते.

येथे एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील, “चाणक्यही कारस्थानीच होता. त्यानेही हेर पेरले, खोटी पत्रे लिहविली. मग त्याचा अतिविचार त्याला का नडला नाही?” हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना या विषयाचे मर्म हाती येते. चाणक्याच्या सर्वच कृत्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. विशाखदत्तानेही त्याला सरळमार्गी म्हणून रंगविलेले नाही. परंतु त्याच्या विचाराची दिशा निराळी आहे. राक्षसाची माणसे आपल्या योजनेकडे पाहत होती. चाणक्य खोलीकडे पाहत होता. योजना कितीही सुंदर असली तरी ती मनात असते. मुंग्या भिंतीवर असतात. ज्याला अतिविचार म्हणतात, तो खरे पाहता विचाराचा अतिरेक नसून एकाच वर्तुळात फिरणारा विचार असतो. घाण्याचा बैल दिवसभर चालतो, परंतु त्याचे गाव काही येत नाही. तसाच तो विचार चालतो पुष्कळ, पण बाहेरच्या जगात एक पाऊलही टाकीत नाही. आपण सोडून बाकीची माणसे म्हणजे पटावरील सोंगट्या, त्या आपण ढकलू तशा सरकतील, असे गृहीत धरून तो चालतो. धर्मबुद्धी झाडाला आग लावील, होम्सने भिंत आधीच पाहिली असेल, प्रल्हाद ‘नाही’ म्हणेल, हे अशा विचाराला दिसत नाही. शत्रूचे बळ तो जाणतो. शत्रूलाही डोळे आणि मन आहे, हे मात्र विसरतो.

या कथांवर आणखी एक आक्षेप घेण्यात येतो. खलपुरुष शेवटी हरतो, याचे कारण लेखकाला त्याला हरवावयाचे असते. त्यात बुद्धीचा आणि अतिबुद्धीचा काय संबंध? या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. पुष्कळ सुमार कथांत शेवटच्या पानावर खलपुरुषाचा पाय घसरतो, किंवा अचानक वीज पडते, किंवा तो नायकासमोर आपला सारा बेत विनाकारण सांगत बसतो, आणि तेवढ्यात पोलीस येतात. अशा कथा वाचून समाधान होत नाही, कारण तेथे खल हरलेला नसतो. लेखकाने त्याला हरविलेले असते. चांगल्या कथेची खूण हीच की, तिच्यातील खलाचा पराभव त्याच्याच स्वभावातून उगवतो. ओल्डेकरच्या जागी दुसरा कोणी असता, तर कदाचित तो भिंतीत गप्प बसून राहिला असता. पण ज्या माणसाने जुना राग इतकी वर्षे जपला, त्याला आपला शत्रू नुसता अडकलेला पाहून तृप्ती होणार नव्हती; त्याला तो पुरता चिरडलेला हवा होता. तो ठसा लाखेने उमटला नाही, द्वेषाने उमटला. वाचकाने कथा मिटल्यावर हाच प्रश्न स्वतःला विचारावा: हा मनुष्य योगायोगाने पडला, की स्वतःच्या ओझ्याने पडला?

मग प्रत्यक्ष जीवनात प्रत्येक कपटी मनुष्य असाच सापडतो काय? तसे म्हणणे ही मुलांची फसवणूक होईल. जगात पुष्कळ लबाड्या उघडकीस येत नाहीत, आणि पुष्कळ पापबुद्धी सुखाने धन उपभोगताना दिसतात. कथा काही न्यायालयाचा निकाल नव्हे. परंतु न सापडलेल्या लबाडालाही एक किंमत मोजावी लागते, आणि तीही लेखकांनी दाखवून दिली आहे. एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाच्या 1843 सालच्या एका प्रसिद्ध कथेत एक मनुष्य वृद्धाचा खून करून प्रेत जमिनीच्या फळ्यांखाली दडवितो. पोलीस येतात, पाहतात. त्यांना काहीही संशय येत नाही. तेव्हा आपल्या चातुर्याच्या गर्वाने तो त्यांना त्याच खोलीत बसवितो आणि स्वतःची खुर्ची नेमकी त्या फळ्यांवर मांडतो. थोड्या वेळाने त्याला फळ्यांखालून मेलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके ऐकू येऊ लागतात. पोलीस मजेत गप्पा मारीत असतात. ठोके त्यांना ऐकू येत नाहीत. शेवटी तोच असह्य होऊन ओरडतो आणि गुन्हा कबूल करतो. ‘खाई त्याला खवखवे’ म्हणतात ते याच अर्थाने. ज्याला काही लपवावयाचे असते, त्याच्या मनाला पहारेकऱ्याची नोकरी कायमची लागते. त्या नोकरीत रजा नसते. तो पकडला गेला नाही, तरी मोकळा असतो असे नव्हे.

एवढ्यावरून कोणी असा अर्थ काढू नये की, फार विचार करणेच वाईट. गणित सोडविताना, शब्द निवडताना, मोठा निर्णय घेताना विचार करावाच लागतो, आणि तो सखोल करावा लागतो. होम्सने विचार केला म्हणूनच मॅकफार्लन वाचला. धर्मबुद्धीला भोळा म्हणणाऱ्यांनी त्याने पेटविलेली आग आठवावी. ती भोळ्या माणसाची करणी नव्हे. सज्जनाच्या बुद्धीला युक्त्यांचा बाजार मांडावा लागत नाही, म्हणून ती चटकन नजरेत भरत नाही, इतकेच. तिला लपवावयाचे काही नसते. म्हणून ती पाहावयास मोकळी असते. भिंतीवरचा ठसा नवा आहे, बोळ सहा फुटांनी आखूड आहे, मुंग्यांच्या तोंडात अन्न आहे, हे दिसावयाला डोळे मोकळे असावे लागतात. कोवळ्या वाचकाला खलपुरुषाची बुद्धी जेव्हा भुरळ घालील, तेव्हा त्याने तिच्याशेजारी ही दुसरी बुद्धी ठेवून पाहावी, आणि मग अधिक हुशार कोण ते ठरवावे.

पंचतंत्राच्या त्या कथेतील एक भाग वर सांगावयाचा राहिला आहे. पापबुद्धीने आपली युक्ती पित्याला सांगितली, तेव्हा त्या वृद्धाने मुलाला एक गोष्ट सांगितली. एका बगळ्याची पिले झाडातला साप खात असे. साप मरावा म्हणून एका खेकड्याच्या सल्ल्यावरून बगळ्याने मुंगसाच्या बिळापासून सापाच्या बिळापर्यंत माशांचे तुकडे टाकले. मुंगूस आले, त्याने सापाला मारले, आणि मग झाडावरचे बगळेही एकेक करून खाऊन टाकले. “उपाय योजताना त्यातून होणारा अपायही पाहावा,” असे त्या वृद्धाने मुलाला बजावले. एवढा शहाणा उपदेश पापबुद्धीला त्याच्या घरातच, त्याच रात्री मिळाला होता. त्याने तो कानाआड केला, हे एक वेळ समजण्यासारखे आहे. लोभी मनुष्याला ऐकू कमी येते. परंतु ज्याने तो उपदेश केला, तो पिताही अखेर मुलाचा हात धरून अंधारात निघाला आणि ढोलीत जाऊन बसला. शहाणपण ठाऊक असणे निराळे आणि वेळ येताच ‘मी येणार नाही’ असे म्हणणे निराळे. त्या रात्री पित्याने एवढे तीन शब्द उच्चारले असते, तर तो वाचला असता, आणि कदाचित त्याचा मुलगाही वाचला असता.